बालभत्ता सरसकट द्यावा की केवळ गरीब मुलांना?

मूळ मांडणी

मुलांची गरिबी कमी करायची तर कुटुंबाच्या हातात दरमहा रोख रक्कम पडली पाहिजे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो ही रक्कम कोणाला द्यावी याचा. माझ्या मते ती प्रत्येक मुलाला, उत्पन्नाची चौकशी न करता द्यावी आणि सधन पालकांकडून प्राप्तिकराच्या वाटेने परत घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने २७ व्या कलमात पुरेशा राहणीमानाचा हक्क मुलाला दिला आहे, पालकांच्या पात्रतेला नव्हे.

गंमत अशी की, ज्या अमेरिकेने हा करार अजूनही संमत केलेला नाही, तिथेच याचा सर्वांत ठळक पुरावा मिळाला. २०२१ मध्ये तिथे मुलांसाठीची करसवलत वर्षाला २,००० डॉलरवरून ३,००० डॉलर आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी ३,६०० डॉलर करण्यात आली, मुळीच उत्पन्न नसलेल्यांनाही ती पूर्ण मिळू लागली आणि जुलै ते डिसेंबर या काळात तिचा निम्मा भाग दरमहा खात्यात जमा झाला. सरकारी मदत हिशेबात धरणाऱ्या मोजमापानुसार मुलांमधील गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, ती ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव सवलतीची मुदत संपली आणि २०२२ मध्ये हाच आकडा १२.४ टक्क्यांवर गेला.

प्रतिसाद १ : उदाहरण तुमच्याच विरोधात जाते

ती योजना सरसकट नव्हती. उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की वाढीव रक्कम घटत जात असे. गरिबी घटली याचे मोठे कारण असे की, उत्पन्न फारच कमी म्हणून आधी ज्यांना पूर्ण सवलत मिळत नव्हती, त्यांना ती प्रथमच मिळाली. म्हणजे पैसा नेमका गरजूंकडे वळवल्यामुळे. तिजोरी मर्यादित असताना श्रीमंतांच्या मुलांना रक्कम द्यायची, मग ती करातून वसूल करायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? शिवाय जे विवरणपत्रच भरत नाहीत त्यांना तिथेही वेगळी नोंदणी करावी लागली, आणि सर्वांत गरीब कुटुंबे प्रामुख्याने याच गटात मोडतात.

प्रतिसाद २ : अटी हव्यातच

मेक्सिकोने १९९७ मध्ये आणि ब्राझीलने २००३ मध्ये सुरू केलेल्या योजनांत मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटी होत्या. करदात्याचा पैसा घेणाऱ्या पालकाने मुलाला शाळेत पाठवावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. हक्क मुलाचा आहे असे म्हणता, तर शिक्षणाचा हक्कही त्याचाच आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

अटींविषयी आधी. मलावीतील झोंबा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या काही कुटुंबांना शाळेतील हजेरीच्या अटीवर, तर काहींना विनाअट रक्कम देऊन तुलना करण्यात आली. शाळागळती अटीच्या गटात अधिक कमी झाली, हे मान्य. परंतु लवकर होणारी लग्ने आणि गर्भधारणा विनाअट गटात बऱ्याच कमी राहिल्या, कारण शाळा सुटलेल्या मुलीचे पैसे तिथे बंद झाले नाहीत. जिला आधाराची सर्वाधिक गरज, तिचीच मदत अट आधी तोडते.

आता चाळणीविषयी. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात गैरव्यवहार शोधण्याच्या नादात, एखादी सही राहिली एवढ्यावरून वर्षभराचे संपूर्ण अनुदान परत मागण्यात आले. हजारो निर्दोष पालक कर्जात बुडाले आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. अपात्र माणूस आत येऊ नये याचीच धास्ती घेतलेली यंत्रणा पात्र माणसाला बाहेर ठेवते, आणि त्याची किंमत मूल मोजते.

प्रतिसाद ३ : मुळात विकत काय घेणार?

भत्ता सरसकट असो वा निवडक, ज्या वस्तीत पाळणाघर नाही आणि दवाखान्यात डॉक्टर नाही, तिथे पालक त्या रकमेतून या सोयी उभ्या करू शकत नाहीत. माझे मत : आधी सेवा, मग रोख. मुलाला सांभाळायला कोणी नसल्यामुळे आई कामावर जाऊ शकत नसेल, तर भत्त्याहून पाळणाघरच तिचे उत्पन्न अधिक वाढवेल.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

नेदरलँड्समधील दोष अमानुष वसुलीचा होता, उत्पन्न तपासण्याचा नव्हे. शिवाय करातून परत घेण्याची तुमची वाट तरी कुठे सरळ आहे? ब्रिटनने जानेवारी २०१३ पासून नेमके तेच केले. आईवडिलांपैकी एकच कमावत असेल आणि त्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० पौंड असेल, तर भत्ता पूर्ण परत जाई. दोघे प्रत्येकी ४९,००० कमावत असतील, तर एक पेनीही परत द्यावी लागत नसे. दुसऱ्या घरात एकूण ९८,००० येत होते.

मूळ लेखकाचे उत्तर

ब्रिटनचे उदाहरण रास्त आहे, आणि मर्यादा २०२४ मध्ये ६०,००० पौंडांपासून सुरू केली तरी ती विसंगती संपलेली नाही. परंतु तिथे गोंधळ झाला तो वसुली मुलाच्या भत्त्याला जोडल्यामुळे. भत्त्याला हात न लावता वरच्या टप्प्यातील प्राप्तिकराचा दर सर्वांसाठीच थोडा वाढवला, तर मूल असलेल्या आणि नसलेल्या सधनांकडून सारखीच वसुली होईल, आणि कोणत्याही पालकाला स्वतंत्र हिशेब द्यावा लागणार नाही. प्रतिसाद ३ मधील पाळणाघरांचा खर्चही मी याच दरवाढीतून काढेन. मात्र ती उभी राहीपर्यंत भत्ता रोखून धरण्याचे कारण मला दिसत नाही, कारण इमारत बांधायला वर्षे लागतात आणि पुढच्या महिन्याचे घरभाडे मात्र पुढच्याच महिन्यात भरावे लागते.