चवथीच्या लॅनला यंदा टीम डेथमॅच नको

सूरपाटी (फोंडा)

मंडळी, चवथ तोंडावर आली. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं की त्याच रात्री आमच्या पडवीत नेहमीप्रमाणे दहा संगणक मांडायचे आणि २००७ चा 'कॉल ऑफ ड्यूटी ४' हा गोळीबाराचा गेम लावायचा. नवा गेम का नाही, हे कृपा करून यंदा विचारू नका. हा कुणाच्याही जुन्या मशीनवर पळतो आणि इंटरनेट नसलं तरी लॅनवर, म्हणजे मशीन वायरने एकमेकांना जोडून, चालतो. चवथीच्या पावसात इंटरनेटचा भरवसा ज्याला धरायचा त्याने धरावा.

माझं म्हणणं एवढंच की यंदा टीम डेथमॅच, म्हणजे दोन संघ आणि जो जास्त मारेल तो जिंकला हा मोड, बंद ठेवू या. गेल्या वर्षी रात्रभर तेच खेळलो आणि काय झालं ते आठवा. दोघे जण बाकीच्या आठांना झोडपत होते. पेडण्याहून आलेले माझे मावसभाऊ अकरा वाजता फोन घेऊन बाहेर जाऊन बसले, ते झोपायलाच आत आले. चूक त्यांची नव्हती. त्या मोडमध्ये गुण फक्त मारण्याला आहेत. ज्याला नेम जमत नाही तो नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो समोरच्यांचा गुणफलक भरत बसतो. वर पुन्हा न मरता तीन मारले की रडार, पाच मारले की हवाई हल्ला, सात मारले की हेलिकॉप्टर. पंगतीत ज्याचं पान आधीच भरलंय त्याच्याच पुढे वाढपी उभा.

डॉमिनेशन बघा. नकाशावर ए, बी, सी असे तीन झेंडे, प्रत्येक झेंड्याचा दर ५ सेकंदांना एक गुण, २०० ला सामना. दोन झेंडे धरून राहिलात तर ५०० सेकंदांत, म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आतच, २००-१०० ने जिंकता. एकही माणूस मारला नाही तरी. पेडण्याचा भाऊ बी झेंड्यावर पालथा पडून राहिला तरी तो कामाचा माणूस. मला असा खेळ हवाय.

म्हापशेकर

आलं का तुझं प्रवचन! अरे, वर्षातून एकदा भेटतो आपण. मी बंगळूरहून रात्रभर बसने येतो. मला नियम समजून घ्यायचे नाहीत, मला गोळ्या झाडायच्या आहेत. टीम डेथमॅचचा नियम माझ्या आईलाही एका वाक्यात सांगता येतो.

आणि डॉमिनेशनचं जे चित्र रंगवलंस ते पुस्तकी आहे. प्रत्यक्षात काय होतं? झेंडा घ्यायचा, लगेच सोडायचा, पुढच्याकडे पळायचं. ए, बी, सी, पुन्हा ए. देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे दोन्ही संघ एकाच दिशेने फिरत राहतात आणि एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. राखण कुणी करत नाही, कारण राखण करणं कंटाळवाणं आहे. तुझा भाऊ पालथा पडून किती वेळ राहील? चार मिनिटं. मग तोही फोन काढेल.

एकच_जीव

दोघेही चुकताय. पुन्हा जिवंत होणं हाच सगळ्या दुखण्याचा उगम आहे. मेलो तरी काही सेकंदांत परत उभा, मग मरायची भीती कशाला? सर्च अँड डिस्ट्रॉय लावा. एक संघ बॉम्ब लावायला येणार, दुसरा अडवणार, एका राउंडला एकच जीव. तेव्हा कळतं पावलांचा आवाज म्हणजे काय. समोरचा बंदुकीत गोळ्या भरतोय का, सगळं ऐकू येतं. डेथमॅचच्या गोंगाटात कान हा अवयवच वापरात नसतो.

आमची पिढी सायबर कॅफेत 'आयजीआय'वर वाढली. २००० सालचा गेम, मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. शेवटच्या पहारेकऱ्याने मारलं तर मोहीम पहिल्यापासून, आणि कॅफेवाल्याचं मीटर चालूच. म्हणून कोपऱ्यावर थांबून बघायची सवय लागली. एकट्याच्या गेमने जे शिकवलं ते लॅनवर शिकवणारा मोड हा एकच.

पाटोळी (मडगाव)

एकच_जीव, तुम्ही पहिल्यांदा मरणाऱ्यांपैकी नाही, म्हणून तुम्हाला तो मोड गोड वाटतो.

मी सांगते तो कसा असतो. राउंड सुरू होतो, दहा सेकंदांत कुणीतरी नेहमीच्या कोपऱ्यावर हातबाँब टाकतो, मी संपले. आता उरलेले जेवढा वेळ एकमेकांची वाट बघत दबा धरून बसतील तेवढा वेळ मी दुसऱ्याचा पडदा बघत बसायचं. ज्याला खेळ सगळ्यात कमी जमतो त्याला खेळायला सगळ्यात कमी वेळ. मग तो शिकणार कधी? डेथमॅचमध्ये मी वीसदा मरते, पण वीसदा खेळतेसुद्धा.

दुसरं, हे पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन हाच मोड खेळताना संघात मी एकटी उरले की बाकीचे चार मेलेले लोक माझा पडदा बघत असतात आणि माइकवर सूचना देत असतात. बाईचा आवाज ऐकला की सूचना राहतात बाजूला. काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही. डेथमॅचमध्ये माइक बंद ठेवून निवांत खेळता येतं, कुणाचं काही अडत नाही. आपल्या पडवीत तसं कुणी बोलत नाही हे कबूल. पण 'एकमेकांवर अवलंबून असलेला खेळ चांगला' हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं नसतं, एवढंच.

एकच_जीव

माइकचं मान्य, ते वाईटच आहे. पण वाट बघण्याचं काय घेऊन बसलात? कबड्डीतही बाद झालेला बाहेर बसतोच की. कबड्डी बंद करायची का?

पाटोळी (मडगाव)

कबड्डीत आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाहेर बसलेला परत जिवंत होतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. तुमच्या मोडमध्ये आहे का तसं? कबड्डी तुमच्यापेक्षा शहाणी निघाली.

सूरपाटी (फोंडा)

हे भारी होतं, मानलं. आणि आता विषय निघालाच आहे तर माझ्या टोपणनावाला जागतो. 'बॅटलफील्ड' नावाच्या दुसऱ्या मालिकेत रश नावाचा मोड आहे, २०१० च्या 'बॅड कंपनी २' मध्ये तो गाजला. हल्ला करणाऱ्यांनी दोन ठिकाणं उडवली की नकाशाचा पुढचा टप्पा उघडतो, राखणारे मागे सरकतात, पुन्हा दोन ठिकाणं. हल्लेखोरांचे जीव मोजके, राखणाऱ्यांचे अमर्याद. हा आपला आट्यापाट्यांचा डाव आहे (सूरपाटी ही त्यातलीच मधली उभी पाटी), दुसरं काही नाही! एकेक पाटी ओलांडायची, प्रत्येक पाटीवर अडवणारा उभा. तो गेम बनवणाऱ्या स्वीडनच्या लोकांनी आट्यापाट्या बघितल्या असतील असं नाही, पण अडवणं आणि ओलांडणं यातली गंमत त्यांनाही सापडली.

दुर्दैवाने आपल्या गेममध्ये रश नाही. सॅबटाज आहे. मधोमध एकच बॉम्ब, दोन्ही संघांनी तो उचलून समोरच्याच्या अड्ड्यावर नेऊन लावायचा. एक चेंडू, दोन गोल. गोव्यात हे कुणाला समजवावं लागेल?

म्हापशेकर

फुटबॉलच म्हणशील तर गावच्या मैदानावरचा फुटबॉल. दहाही जण चेंडूमागे, गोलकीपरसुद्धा.

भाचा_००७

मामा, तुम्ही सगळे मोबाइलवर का येत नाही? तिथे हार्डपॉइंट आहे. एक जागा धरायची, मिनिटभराने ती जागा बदलते. प्रदक्षिणाही नाही आणि पालथं पडून राहणंही नाही.

म्हापशेकर

बोटांनी काच पुसत नेम धरणाऱ्यांनी मोठ्यांच्या धाग्यात बोलू नये. (हार्डपॉइंट चांगला आहे. पण तो ह्याच मालिकेतल्या २०१२ च्या 'ब्लॅक ऑप्स २' पासून आला, आपल्यात नाही.)

निवृत्त_सिग्नल

मी खेळत नाही. मुलगा खेळतो, मी मागे खुर्ची टाकून बघतो. सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, शेवटची काही वर्षं इथेच पणजीला. म्हणून दोन शब्द.

पहिलं म्हणजे यातलं काहीच लढाईसारखं नाही, आणि नाही तेच बरं. अमेरिकेच्या लष्कराने २००२ साली भरतीसाठी स्वतःच 'अमेरिकाज आर्मी' नावाचा गेम काढून फुकट वाटला होता. त्यात युक्ती अशी केली होती की दोन्ही संघांना आपण अमेरिकन सैनिक आणि समोरचे शत्रू असंच दिसायचं. वीस वर्षं तो गेम चालला, पण शत्रू होऊन खेळलेला माणूस त्यात एकही नाही. ज्यांना खऱ्या लढाईची माहिती होती त्यांनाच असला लपंडाव करावा लागला. तेव्हा 'हा मोड जास्त खरा' असं एकमेकांना सांगू नका.

दुसरं, मी पडद्यापेक्षा पोरांचं बोलणं ऐकतो, जुनी खोड. डेथमॅच लावला की ऐकू येतं: मेलो, मारला, अरे कुठून आला, मेलो. प्रत्येक वाक्य स्वतःबद्दल. झेंड्यांचा मोड लावला की त्याच पोरांच्या तोंडी जागा येतात: बी वर दोघे आहेत, मागच्या जिन्यावर एक, मी सी सोडतोय, कुणी येतंय का. पोरं तीच, नकाशा तोच. नियम बदलला आणि बोलणं बदललं. आमच्याकडे वायरलेसवर पहिली शिकवण असते ती हीच, की तुझं काय झालं ते नंतर, आधी तू कुठे आहेस आणि काय दिसतंय ते सांग. सूरपाटीने हा मुद्दा मांडायला हवा होता, तो गुणांच्या हिशेबात अडकला.

म्हापशेकर

सुभेदार काका, पटलं. आणि म्हणूनच मला तो मोड नको. मी दिवसाचे सहा तास कॉलवर असतो. कोण कुठे आहे, कोण काय सोडतोय, कुणी घेतंय का, हेच बोलतो. चवथीच्या रात्री मला 'मेलो' एवढंच ओरडायचं आहे.

निवृत्त_सिग्नल

हे उत्तर बिनतोड आहे. ओरड बाबा.

एकच_जीव

काकांच्या बोलण्यावरून आठवलं, हेडक्वार्टर्सबद्दल कुणीच बोललं नाही. एक ठाणं नकाशावर कुठेतरी उगवतं. जो संघ ते जिंकतो त्याला ते धरून असेपर्यंत गुण, पण तेवढा वेळ त्या संघातला मेलेला परत येत नाही. समोरचे मात्र येत राहतात. थोड्या वेळाने ठाणं बंद, दुसरीकडे नवं, आणि सगळे पुन्हा जिवंत. म्हणजे मला हवा असलेला एकच जीव आहे, पाटोळीताईंना हवं असलेलं परत येणं आहे आणि म्हापशेकरला माणसं एकाच जागी सापडतात. पळापळीही एकाच दिशेने नाही.

पाटोळी (मडगाव)

हे चालेल मला. बाहेर बसावं लागलं तरी थोडाच वेळ, आणि ते आपण पुढे असताना. पुढे असलेल्याने जरा बसावं, हे मला न्यायाचं वाटतं.

पण एक विचारू? सूरपाटी, 'दोघे जण आठांना झोडपत होते' असं लिहिलंस. ते दोघे एकाच संघात होते. मग दोष मोडचा की संघ पाडणाऱ्याचा?

म्हापशेकर

आणि ते दोघे कोण हेही लिहिलेलं नाही बघ साहेबांनी. एक मी. दुसरे हे स्वतः, डॉमिनेशनचे पुरस्कर्ते. संघही ह्यांनीच पाडले होते.

सूरपाटी (फोंडा)

पाडले होते. 'तू आणि मी एकीकडे, मजा येईल' असं कोण म्हणालं तेही सांग की. आणि मजा आली, तासभर. बारा वाजता मावशीने बाहेर बसलेल्या पोरांना नेवऱ्या नेऊन दिल्या तेव्हा मला आतून दिसत होतं, तरी मी पुढचा सामना सुरू केला. म्हणून तर हे सगळं लिहितोय.

असो. संघ यंदा पाटोळीने पाडावेत, आम्ही दोघे समोरासमोर. पहिला तास डेथमॅच, कारण बंगळूरची बस कधी पोचेल सांगता येत नाही आणि मध्ये आलेल्याला त्यातच लगेच बसता येतं. मग हेडक्वार्टर्स. डॉमिनेशन मी सोडत नाहीय, दोन सामने होणारच. पेडणेकरांना फक्त एवढंच शिकवतो की दोन झेंडे आपले असताना तिसऱ्याला हात लावायचा नाही. तिन्ही घेतले की शत्रू कुठल्या कोपऱ्यातून उगवेल त्याचा नेम राहत नाही, आणि हातातले दोन्ही जातात.

सर्च अँड डिस्ट्रॉय पहाटे चारनंतर, ज्यांना झोप आवरत नाही त्यांनी आधी मरून झोपावं.

म्हापशेकर

संघाचं मान्य. तुला समोरून मारायची इच्छा तशी जुनीच आहे. डॉमिनेशनच्या वेळी मी चहा करीन.

पाटोळी (मडगाव)

चहा तुम्ही केलात तर मीही डॉमिनेशनच्या बाजूने. नकाशा शिपमेंट लावू नका मात्र. त्या कंटेनरच्या खोक्यात दहा माणसं म्हणजे कुठलाही मोड लावा, डेथमॅचच होतो.

भाचा_००७

मामा, गेल्या वर्षीचा संगणकांच्या वायरी जोडायचा स्विच आठ पोर्टचा होता. दोघांना वायर मिळाली नव्हती, आठवतं? पेडण्याचेच होते ते.

सूरपाटी (फोंडा)

...दुसरा स्विच कोण आणतंय?