मदत हवी आहे: पद्मिनीच्या विशबोनला पावडर कोटिंग की पेंट?

प्रीमियर पद्मिनीचे पुढचे विशबोन (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि पाचही रिम सुटे करून शॉट ब्लास्टिंगला (बारीक छर्‍यांच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) द्यायचे आहेत. पुढे काय करावं, यावर अनुभवी मंडळींचं मत हवंय.

रिमला पावडरच (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत वितळवलेला थर) करायची, हे जवळपास ठरलंय. फक्त चाक कसायच्या भोकांभोवतीची बैठक आणि ड्रमला टेकणारा भाग मास्क करायलाच (झाकायलाच) हवा. तिथे ८०-१०० मायक्रॉनचा थर राहिला तर तो दाबाखाली बसतो आणि कसलेलं चाक सैल पडतं.

खरा पेच विशबोनचा आहे. भट्टीत १८०-२०० अंश सेल्सिअसला रबरी बुश (सांध्यांतले रबर) टिकत नाहीत, ते आधी काढू. पण खडी लागून टवका उडाला की पाणी पावडरच्या थराखाली सरकतं. वरून चकचकीत दिसतं, आणि नख लावलं की अख्खा पापुद्रा निघतो, खाली लाल गंज. इपॉक्सी प्रायमरवर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन पेंट) मारलं तर तेवढीच जागा घासून दुरुस्त करता येते. पावडरला ती सोय नाही.

पावडरखाली झिंक प्रायमर घेतलेले भाग चार-पाच पावसाळ्यांनंतर कसे आहेत? खाचांत मुरलेलं ग्रीस भट्टीत उकळून बुडबुडे येऊ नयेत म्हणून पावडर मारण्याआधी भाग नुसते तापवून घेणं पुरतं का? कडा आणि वेल्डचे जवळून काढलेले फोटो असतील तर कृपया टाका.