मदत हवी: पेटीचा (हार्मोनियमचा) गंधार २१ सेंट उतरवला तरी तंबोऱ्यात मिसळत नाही

देवगडकर: चतुर्थी तोंडावर आलीय आणि मी पेटी उघडून बसलोय. एका व्हिडिओत श्रुतींचे (सुरांमधल्या बारीक अंतरांचे) तीन प्रकार सांगितले: प्रमाण श्रुती साधारण २१.५ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), न्यून ७०.७, पूर्ण ९०.२. शुद्ध गंधार प्रमाण श्रुतीने उतरवायचा, असं त्यातून समजलो. ट्यूनर ॲपवर काटा उणे २१ वर येईपर्यंत गंधाराचा सूर (आतली पितळी पट्टी) घासला. आता आधीपेक्षा वाईट, तंबोऱ्याबरोबर धरला की आवाजात लाटा येतात. काय चुकलं? लवकर सांगा.

कुडाळची पेटी: सा कुठला? दोन लायनींची (सुरांच्या दोन ओळींची) आहे का? खर्ज (खालच्या सप्तकाची ओळ) घासलात की नर (मधल्या सप्तकाची)? मुळाशी की टोकाशी?

देवगडकर: काळी एक (पहिली काळी पट्टी), आमचे भजनी बुवा त्याच पट्टीत गातात. दोन्ही लायनी, मुळाशी. पण याचा श्रुतीच्या प्रकाराशी काय संबंध?

आचऱ्याचो: माका वाटता सुराचो दोष नाय. पावसात लाकूड फुगता, पट्टी अडाकता. आमची पेटी दोन दिस चुलीकडे ठेवली, बरी झाली.

कुडाळची पेटी: चुलीकडे अजिबात नको, भात्याचं चामडं कडक होऊन चिरतं.

षड्ज: सा २४० हर्ट्झ धरा. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सा च्या ५/४ पट, म्हणजे ३००. चार पंचम चढत जाऊन दोन सप्तकं खाली आलात तर ८१/६४ पट, म्हणजे ३०३.७५. या दोन गंधारांमधलं अंतर ८१/८०, तीच प्रमाण श्रुती. तुमची पेटी बारा समान भागांत लावलेली, तिचा गंधार ३०२.४ च्या आसपास. तिथून १४ सेंटच उतरायचं होतं, तुम्ही सात जास्त उतरलात. आता टोकाकडे अगदी हलका हात फिरवा, सूर चढेल. ॲप बंद करा, सा आणि ग एकत्र दाबा, लाट विरली की थांबा.

गुहागर: पेटीत श्रुती शोधूच नयेत, त्या गळ्यात असतात. आकाशवाणीने १९४० साली आपल्या कार्यक्रमांत पेटी बंद केली होती ती उगाच नाही.

षड्ज: मग डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली, ती कशाला?

गुहागर: भजनात मृदंग-झांजा सुरू झाल्यावर १४ सेंट कोणाला कळतात?

देवगडकर: मला कळतात. आलापीच्या वेळी झांजा नसतात.

कुडाळची पेटी: या पेटीवर आणखी कोण गातं?

देवगडकर: धाकटे बुवा. पांढरी चार.

कुडाळची पेटी: मग सूर चढवायच्या आधी हे बघा. काळी एकचा गंधार म्हणजेच पांढरी चार. तुम्ही धाकट्या बुवांचा सा उतरवलाय. १४ वर आणलात तरी त्यांना बाकीचे सगळे स्वर १४ ने चढे लागणार.

देवगडकर: हे डोक्यातच आलं नाही. परत शून्यावर नेतो. दोन्ही लायनी एकदम की एकेक?

कुडाळची पेटी: आधी नर. मग खर्ज त्याला जुळवा.