मदत हवी आहे: सोसायटीचा गणेशोत्सव आणि आमचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा

आमचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न असून ढोल-ताशा व स्पीकरचा आवाज त्याला अजिबात सोसत नाही. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या उत्सव समितीत मी चार वर्षे काम करते आहे आणि मुलीला यंदा तिथल्या नाटुकल्यात भाग घ्यायचा आहे. त्यामुळे दहा दिवस गावी जाणे हा उपाय नको आहे. गेल्या वर्षी तो करून पाहिला, तेव्हा जागा बदलल्याने मुलाची झोप आठवडाभर विस्कटली.

कान झाकणारे हेडफोन तो पाच मिनिटांत काढून फेकतो. दिवसाच्या क्रमाचा चित्रतक्ता मात्र उपयोगी पडतो, फक्त आरती ठरल्या वेळी सुरू व्हायला हवी, आणि ती कधीच होत नाही! मी व पती आलटून-पालटून घरी थांबतो. मग मुलीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघे एकत्र नसतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे हे ठाऊक आहे, परंतु शेजाऱ्यांशी नियमांवर बोट ठेवून भांडायचे नाही. उपचार सुरू आहेत, त्याविषयी सल्ला नको.

सकाळची आरती स्पीकर व झांजांविना, केवळ टाळ्यांवर आणि ठरल्या वेळी करावी, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याचा विचार आहे. ज्यांनी असे काही केले आहे, त्यांनी मुलाचे निदान सर्वांसमोर उघड न करता हा विषय कसा मांडला, आणि मूल मंडपात रुळावे म्हणून त्याला किती दिवस आधीपासून तिथे नेले?