मदत हवी आहे: व्हिट फ्रायडेला आई-बाबांना कुठे नेऊ?

मंडळी, मँचेस्टरच्या आसपास कोणी राहतं का? गेल्या वर्षी व्हिट फ्रायडेला (पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरचा शुक्रवार, तेव्हा इथे गावोगावी ब्रास बँडच्या स्पर्धा असतात) सॅडलवर्थ भागातल्या डेल्फ गावाला गेलो होतो. ब्रास बँड रस्त्यातून वाजवत येतो, मग थांबून स्पर्धेचा मार्च वाजवतो आणि लगेच बसमध्ये बसून पुढच्या गावाला पळतो! परीक्षक पडदे ओढून आत बसलेले, कुठला बँड ते दिसू नये म्हणून. ट्रम्पेट नाहीच, सगळी कॉर्नेटं (ट्रम्पेटसारखंच, पण आटोपशीर आणि मऊ आवाजाचं वाद्य). आणि युफोनियम या मोठ्या पितळी वाद्याचा तो मऊ, भरदार सूर... वरातीच्या बँडने किटलेले माझे कान अगदी निवले.

यंदा आई-बाबा येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही. डेल्फ, डॉबक्रॉस की अपरमिल, बसायला जागा कुठे मिळेल? रस्ते बंद व्हायच्या आत किती वाजता पोचावं? घडीच्या खुर्च्या नेल्या तर चालतील ना?