एमबीए नसलं तरी चालतं, पण प्रॉडक्शन लाइनवर उभं राहावं लागतं

वर एकांनी लिहिलंय की एमबीए एचआर केल्याशिवाय ट्रेनिंग मॅनेजर होताच येत नाही, ते मला पटत नाही. डिग्रीने इंटरव्ह्यूला बोलावणं येतं हे खरं, पण मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत क्वालिटी विभागातून ट्रेनिंगच्या कामात आले आणि शॉपफ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालतं ती जागा, माहीत असल्याचा जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याच सर्टिफिकेटचा नाही झाला.

अजून एक, ज्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही, ते म्हणजे भाषा. आमच्याकडे पुण्याहून एक ट्रेनर आले होते, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की क्लिक करणारा पाना) कसा वापरायचा ते शिकवायला, आणि सेशननंतर ऑपरेटर म्हणाले "आवडे छे", तर त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की ट्रेनिंग सगळ्यांना आवडलं! आता बडोद्याच्या माणसाला सांगायला नको, गुजरातीत "आवडे छे" म्हणजे "येतं मला", आवडलं असेल तर "गम्युं" म्हणतात. कर्कपॅट्रिक या अमेरिकन ट्रेनिंग-तज्ज्ञाने 1959 मध्ये ट्रेनिंग तपासायच्या ज्या चार पायऱ्या मांडल्या त्यात पहिली आवडलं का, दुसरी शिकले का, तिसरी कामात बदल झाला का, चौथी कंपनीला फायदा झाला का, आणि इथे तर पहिल्या दोन पायऱ्यांचीच गल्लत झाली. मग मी तीन आठवड्यांनी लाइनवर जाऊन एकेकाला नुसतं म्हटलं, करून दाखवा ना भाई. निम्म्या लोकांना क्लिक झाल्यावर थांबायचं हेच माहीत नव्हतं, पुढे ओढतच होते. तेव्हापासून मी फीडबॅक फॉर्मवर कधीच थांबत नाही.