कराटे नक्की कुणाचं, शेतकऱ्यांचं की दरबारातल्या लोकांचं?

लाठीवाला: क्लासला गेलं की पहिल्या आठवड्यात ऐकवतातच. १६०९ मध्ये दक्षिण जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या शिमाझू सरदारांनी ओकिनावा, म्हणजे तेव्हाचं र्‍युक्यू राज्य जिंकलं, हत्यारं काढून घेतली आणि मग गरीब शेतकरी रात्री लपूनछपून रिकाम्या हातांनी लढायला शिकले. मला तरी पटतं बुवा. जुलूम होता म्हणूनच एवढी गुप्तता आणि गुरूसमोर एवढं वाकणं आलं ना?

नाहाकर: अहो शेतकरी दिवसभर राबून कर भरणार की रात्री काता (कराटेतले ठरलेल्या हालचालींचे क्रम) घोटणार? कराटेच्या जुन्या गुरूंची नावं बघा ना जरा. मात्सुमुरा सोकोन राजाचा अंगरक्षक, वर सात्सुमात जाऊन त्यांचीच जिगेन-र्‍यू पद्धतीची तलवार शिकून आलेला! इतोसु राजदरबारात लेखनिक. आणि हत्यारांवर ताबा इथल्याच राजा शो शिनने आणला, तो शिमाझूंच्या शंभरेक वर्षं आधी.

लाठीवाला: मग सात्सुमाचा काहीच हात नाही म्हणता? शिमाझू काय फिरायला आले होते?

नाहाकर: हात आहे, पण वेगळा. त्यांना चीनचा व्यापार हवा होता म्हणून राजाला गादीवर तसंच ठेवलं, चीनचे दूत आले की आपली सत्ता दिसू नये म्हणून सात्सुमाचे अधिकारी चक्क गावाबाहेर लपायचे. त्यामुळे चीनच्या फुजियान प्रांताचा रस्ता उघडा राहिला आणि तिकडची कुंगफू ओकिनावात येत राहिली. माझ्या मते सरंजामशाहीचा खरा परिणाम हा, तुमची ती हत्यारबंदी नाही.

पांढरापट्टा: दोघंही जुन्यातच अडकलाय. रांगेत उभं राहणं, आकडे मोजत ठोसे, हे सगळं १९०० नंतर इतोसुने शाळेत कराटे नेलं तेव्हाचं. १९०८ च्या पत्रात तो सरळ लिहितो की पोरं पुढे सैन्यात उपयोगी पडतील. पट्टे तर जूदोचा जनक कानो याच्याकडून घेतले, ओकिनावातून कराटे जपानमध्ये नेणाऱ्या फुनाकोशीने पहिले दान (काळ्या पट्ट्याचे दर्जे) दिले १९२४ ला. याला सामुराई परंपरा कसली म्हणायची, ही तर १८६८ नंतरच्या जपानच्या मेजी सरकारची कवायत.

लाठीवाला: पण त्या सरकारात सात्सुमाचीच माणसं बसलेली होती की! आणि फुनाकोशीच्या घरच्यांनी शेंडी कापायला नकार दिला म्हणून त्याचं मेडिकल हुकलं, म्हणजे खानदानी ताठा होताच ना.

पांढरापट्टा: ताठा होता, मान्य. पण ती शेंडी र्‍युक्यूच्या दरबारी लोकांची, सामुराईंची नव्हे. शेतकरी तर तुमच्या या मुद्द्यातूनही गायबच झाले 😄